मास्तरांनी पाचही पॅड परत दिले होते

साठ वर्षांचा होईपर्यंत मी स्वतःसाठी एकही कपडा स्वतः निवडला नव्हता. लहानपणी वडील एकाच ताग्यातून आम्हा तिघा भावांचे शर्ट शिवून घ्यायचे. पुढे ओझरच्या विमान कारखान्यात लागलो आणि छत्तीस वर्षं गणवेश घातला. लग्नकार्यात घालायचे कपडे बायको आणायची. आरशात मी दाढीपुरता बघायचो.

निवृत्त झालो त्याच महिन्यात मोटारसायकल घेतली. बायको म्हणाली, "आधी गुडघ्यांचं बघा." मी ऐकलं नाही. दर रविवारी सकाळी त्र्यंबक रोडवरच्या एका चहाच्या टपरीपाशी गाडीवाल्यांचा एक ग्रुप जमतो असं कळलं होतं, तिथं जायला लागलो. तीस-पस्तीस जण. बहुतेक माझ्या निम्म्या वयाचे. पहिल्या दिवशी मी बुशशर्ट, टेरिकॉटची पॅन्ट, पायात सॅन्डल आणि हेल्मेटच्या आत माकडटोपी अशा थाटात गेलो. एकानं विचारलं, "काका, दूध आणायला निघालात का?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते लागलं.

आता त्याच ग्रुपची पुस्तिका निघते आहे. तीत मी 'काकांची स्टाईल' या विषयावर लिहावं अशी फर्माईश आली आहे. गाडी विकून मला तीन वर्षं झाली, तरी माझं जॅकेट लोकांच्या लक्षात आहे. मी हो म्हणालो. पण त्या जॅकेटाबद्दल लिहायचं तर सगळंच लिहावं लागेल, आणि ते वाचल्यावर कुणाला माझी स्टाईल हवीशी वाटेल असं नाही.

दूध आणण्याच्या विनोदानंतर मी मुंबईहून एक तयार जॅकेट मागवलं. काळं, जाळीचं, खांद्यावर पिवळे पट्टे. पडल्यावर हाडाला मार लागू नये म्हणून अशा जॅकेटात खांदे, कोपरं आणि पाठ यांच्या जागी जाड पॅड असतात. ते घालून आरशापुढं उभा राहिलो तेव्हा परत कुणीतरी मला गणवेश चढवल्यासारखं वाटलं. रविवारी बघितलं तर टपरीपाशी तसेच वीस जण उभे होते. हेल्मेट घातल्यावर कोण कोण ते कळेना.

मला काय हवंय ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. काय नको ते मात्र नीट माहीत होतं. चकाकी नको, अक्षरं नकोत, पट्टे नकोत. जुन्या नाशकात दूध बाजाराच्या मागच्या गल्लीत एक शिंपी होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मूळचे मालेगावचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या विणकाम, हे एकटेच शिवणाकडं वळलेले. गाड्यांची सीटकव्हरं, जाड पिशव्या, दप्तरं असलं दणकट काम ते करायचे. माझ्या गाडीचं सीट त्यांनीच शिवलं होतं. म्हणून विचारलं, जॅकेट शिवाल का?

"साहेब, माणसाचं शिवून बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "पण सीटसुद्धा माणसासाठीच असतं. बसा."

त्यांनी मला एका स्टुलावर बसवलं, पुढं दुसरं स्टूल ठेवलं आणि त्यावर पडद्याचा एक जुना रॉड आडवा धरायला दिला. "गाडी चालवताय असं समजा. घाट आलाय. वळा." मी वळलो. मग त्यांनी माप घेतलं. उभ्या माणसाचं माप घेऊन शिवलेलं जॅकेट गाडीवर बसलं की मागून वर चढतं आणि मनगटं उघडी पडतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी बाह्या दोन बोटं लांब ठेवल्या, पाठ पुढच्या भागापेक्षा चार बोटं लांब. कॉलर वाऱ्यानं फडफडू नये म्हणून आतून एक हूक दिला. जॅकेटाची चेन पेट्रोलच्या टाकीला घासून ओरखडे पडतात, म्हणून तिच्यावर बटणांची पट्टी आली. कापड जाड कॅनव्हासचं, ओल्या मातीच्या रंगाचं. तो रंग शोधायला मी आठ दिवस दुकानं पालथी घातली. बायको म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वेळी एवढे फिरला होतात का हो?"

जॅकेट न्यायला गेलो तेव्हा मास्तरांनी त्याच्याबरोबर एक लहान गाठोडं हातात ठेवलं. उरलेलं कापड. अगदी वीतभर तुकडेसुद्धा त्यात होते. त्याच कापडाच्या पट्टीनं ते बांधलेलं, आणि गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटावी. मी म्हणालो, "हे काय करू? ठेवा तुम्हालाच."

"नाही साहेब. शिंप्यावर पहिला संशय कापड खाल्ल्याचा येतो. आमच्या उस्तादांनी शिकवलं, चिंधी असली तरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पुढं त्याला फेकायची तर फेकू दे."

बायकोनं त्या तुकड्यांची भाजीची पिशवी शिवली. ती अजून घरात आहे.

त्या जॅकेटानं मी बदललो. कुणाला हे हास्यास्पद वाटेल. एकसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा चालताना आपण कसे दिसतो याची जाणीव झाली. मग बाकीच्या गोष्टी एकेक करून आल्या. घोट्याच्या वर येणारे तपकिरी बूट. थंडीत गळ्याला पांढरं सुती उपरणं, त्याची टोकं जॅकेटात खोचलेली. उन्हाळ्यासाठी मास्तरांनी तसंच दुसरं, बिनअस्तराचं शिवलं. हातमोजे मी मुद्दाम जुने वापरायचो, नवे दिसले तर सगळी मजा जाते म्हणून. रविवारी मी पोचलो की लोक बघायचे. फोटो काढायचे. कुणीतरी गंगापूर धरणाच्या काठावर मला गाडीला टेकून उभं केलं आणि तो फोटो ग्रुपवर इतका फिरला की नाशिक रोडला राहणाऱ्या माझ्या साडूनंही तो मला पाठवून विचारलं, हे तुम्हीच का.

माझ्या जॅकेटात पॅड नव्हते. मास्तर पहिल्यापासून मागं लागले होते. "कोपरात तरी बसवू द्या, आतून खिसा करतो, दिसणार नाही." मी म्हणायचो, "मास्तर, आपण काय शर्यतीला चाललोय? पॅड घातले की खांदे फुगतात, पैलवानासारखे दिसतात." ते मान हलवून कामाला लागायचे. माझ्या अंगाचा प्रश्न होता, तो मी सोडवला होता. तिथवर ठीक होतं.

ग्रुपमध्ये एक जण देवळ्याचा होता. कांद्याचा व्यापारी, पंचेचाळिशीचा, आडव्या बांध्याचा, मोकळ्या स्वभावाचा. पहाटे निघून दर रविवारी नाशकात यायचा. मला तो गुरूच मानायचा. बूट कुठून घेतले, उपरणं कसं गुंडाळायचं, सगळं विचारायचा. एकदा म्हणाला, "काका, मला बी तुमच्यासारखं जॅकेट पायजे. पण आमची मंडळी म्हणती, पॅड नसतील तर गाडीची चावी देणार नाय."

"तुझी मंडळी शहाणी आहे," मी म्हणालो.

त्याच्या बायकोनं मुंबईतल्या भावाकडून चांगले पॅड मागवले. नारिंगी रंगाचे पाच तुकडे: दोन खांद्यांचे, दोन कोपरांचे, एक मोठा पाठीचा. मी त्याला मास्तरांकडं घेऊन गेलो. त्यालाही दोन स्टुलांवर बसवून माप झालं. पॅड त्यानं मास्तरांच्या हातात दिले. मास्तरांनी ते मोजून घेतले, म्हणाले, "पाच. माझ्याकडं तुमची अमानत."

जॅकेट तयार झालं तेव्हा कांद्याच्या आवकेचा हंगाम होता, त्याला देवळ्याहून हलता येईना. रविवारी एका मासिकाचा फोटोवाला ग्रुपचे फोटो काढायला येणार होता. देवळ्याच्या त्या मित्रानं मला फोन केला, "काका, तुम्ही घेऊन ठेवा, मी सकाळी तुमच्याकडून घालूनच येतो." शनिवारी दुपारी मी मास्तरांकडं गेलो.

जॅकेट खुंटीला टांगलं होतं. मास्तरांनी काम उत्तम केलं होतं, पण माझ्या डोळ्याला ते खुपलं. खांदे चौकोनी, कोपरांना फुगवटा, पाठीवर कासवासारखं काहीतरी. कापड माझं, रंग माझा, कॉलरचा हूक माझा, आणि आकार त्या काळ्या बाजारू जॅकेटांचा. उद्या फोटोत आम्ही दोघं शेजारी उभे राहणार. मला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही, हे मी इथं खरं तेच लिहितो. मला फोटो दिसत होता.

"मास्तर, हे पॅड काढा."

"कुणाचे? यांचे?" त्यांनी चष्मा वर केला. "नाही साहेब. त्यांनी आणून दिलेत. घरच्यांनी सांगितलंय."

"फक्त उद्यापुरते. फोटो झाले की परत घालतो. खिसे आहेतच ना."

"मग तेच उद्या काढतील की."

"मास्तर, मी सांगतो त्याला. माझी जबाबदारी."

मग त्यांनी पाचही खिशांची टीप उसवली, पॅड बाहेर काढले, खिशांची तोंडं परत शिवून घेतली, कारण उघडी ठेवली तर अस्तर फाटतं. पॅड एकावर एक रचले, कॅनव्हासच्या तुकड्यात गुंडाळले, पट्टीनं बांधले. ते गाठोडं माझ्या हातात देताना म्हणाले, "मोजून घ्या. पाच."

मी मोजले नाहीत. त्यांच्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळ्याचा घरी आला. जॅकेट घातलं, आरशात बघितलं, खूश झाला. कोपर दाबून म्हणाला, "काका, पॅड लागतच नाय हाताला."

मी म्हणालो, "चांगले पॅड असेच असतात. पातळ."

हे वाक्य मी का बोललो? फोटोआधी तो रुसू नये म्हणून, उशीर होत होता म्हणून, संध्याकाळी सांगू म्हणून. त्या संध्याकाळी सांगितलं नाही. फोटो छान आले. पुढच्या रविवारी तो भेटला तेव्हा इतका आनंदात होता की त्याच्या पुढ्यात ते गाठोडं कसं उघडायचं हे मला कळेना. त्याच्या पुढच्या रविवारी मी गाठोडं गाडीच्या मागच्या पेटीत घालून नेलं आणि तसंच परत आणलं. ते माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात गेलं.

तिसऱ्या रविवारी आम्ही पेठच्या रस्त्यानं निघालो होतो. घाटात एका वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं, खडी सांडलेली होती. मी त्याच्या मागंच होतो, पंधरा-वीस हातांवर. मी काय बघत होतो तेही लिहितो. जॅकेट त्याच्या पाठीवर किती छान बसलंय, हे मी बघत होतो. तेवढ्यात त्याचं पुढचं चाक सरकलं. गाडी उजवीकडं आडवी झाली आणि तो हात पुढं करून घाटाच्या कठड्याच्या दगडावर आपटला. वेग फार नव्हता. नुसतं खरचटलं असेल असंच पहिल्यांदा वाटलं. कॅनव्हास कुठं फाटलासुद्धा नव्हता.

उजव्या कोपराचा चुरा झाला होता. खांदाही मोडला होता. डॉक्टर म्हणाले, मार थेट हाडावर बसला आहे. पॅड असते तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि आजही मला माहीत नाही. कदाचित हाड तरीही मोडलं असतं. या कदाचितवर मी बरीच वर्षं काढली.

इस्पितळात नर्सनं त्याचे कपडे पिशवीत घालून दिले. त्याच्या बायकोनं जॅकेट बाहेर काढलं आणि कोपराच्या आतून बोटं फिरवली. मग खांद्याच्या. मग पाठीच्या. माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, यात पॅड नाहीयेत."

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी ग्रुपमधला एक जण म्हणाला, "वहिनी, शिंप्यानं खाल्ले. बाहेरचे महागाचे असतात, विकले असतील. बघा, वरून शिवून टाकलंय, कळू नये म्हणून."

ती शिवण तिच्या बोटाखाली होती. बारीक, सरळ, मास्तरांच्या हातची. मी तोंड मिटलं.

दीड महिन्यानं तो इस्पितळातून घरी आल्यावर हात गळ्यात अडकवून मास्तरांच्या दुकानात गेला. ग्रुपमधले दोघं बरोबर होते आणि मला त्यानं घरून उचललं. "तुम्हीच घेऊन गेला होता ना मला तिथं, काका, तुम्ही पायजे." वाटेत मी काही बोलू शकलो असतो. वाट लांब होती, रहदारी होती.

मास्तर मशीनवर होते. आम्हाला बघून उठले, त्याचा हात बघून चेहरा उतरला. ते काही म्हणायच्या आत हा म्हणाला, "मास्तर, पॅड कुठायत?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. "साहेबांना विचारा."

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "मास्तर, मला कशाला मध्ये घेता? मी फक्त जॅकेट नेऊन दिलं."

एवढंच बोललो. आवाजही चढवला नाही. मास्तर माझ्याकडं बघतच राहिले, रागानं नाही, हिशोब जुळत नसला की माणूस बघतो तसे. मग म्हणाले, "बरं." देवळ्याचा त्यांना नको ते बोलला. त्यांच्या उस्तादांवरून, जातीवरून बोलला. बाहेर दोन-चार माणसं थांबली होती. मास्तरांनी मशीनवरचा दिवा बंद केला आणि शटरचा हूक हातात घेऊन उभे राहिले, आम्ही जाईपर्यंत.

त्याच दिवशी ग्रुपवर मेसेज गेला. दुकानाचा पत्ता, शटरचा फोटो, 'हा शिंपी तुमचा जीव विकून खाईल, सावध राहा'. त्या वर्षी ग्रुपमधल्या बारा जणांची जॅकेटं त्यांच्याकडं शिवायला टाकायची ठरत होती. ती टाकली नाहीत. मेसेज पुढं कुठं कुठं गेला कुणास ठाऊक. सीटकव्हरं शिवायला देणारे गॅरेजवालेही तोच मेसेज वाचणारे. दोनेक वर्षांनी मी त्या गल्लीतून गेलो, त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसला होता. म्हणाला, मास्तर मालेगावला गेले, मुलाकडं.

मी गाडी चालवत राहिलो. तेच जॅकेट. लोक अजून फोटो काढायचे. एकदा बायकोनं कपाट आवरताना ते गाठोडं बाहेर काढलं. "हे उरलेलं कापड द्या ना, याचीपण पिशवी करते."

"ते राहू दे," मी म्हणालो.

"का हो?"

"राहू दे म्हटलं ना."

तिनं ते जागेवर ठेवलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. तिला कळलं होतं का, मी विचारलं नाही.

पुस्तिकेचा निरोप आला त्याच्या पुढच्या आठवड्यात मी एसटीनं मालेगावला गेलो. गाठोडं त्याच भाजीच्या पिशवीत घातलं होतं. पत्ता त्या मोबाइलवाल्याकडून मिळाला. गल्लीत सगळीकडं यंत्रमागांचा खडखडाट, बोललेलं ऐकू येईना. मास्तर घराच्या ओट्यावर बसले होते. दाढी पूर्ण पांढरी, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दिसतं पण बारीक दिसत नाही. आवाजावरून मला ओळखलं.

"साहेब. बसा."

मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी गाठोडं काढलं, बोटांनी चाचपलं. गाठीपाशी बोटं थांबली.

"गाठ माझी आहे," ते म्हणाले. "तुम्ही उघडलंच नाही."

"नाही."

त्यांनी टोक ओढलं. गाठ सुटली. पॅड कडक झाले होते, कडांना भुगा झडत होता. त्यांनी ते एकेक करून ओट्यावर मांडले. "पाच," म्हणाले.

मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो. कसंबसं. मागांच्या आवाजात काही गेलं असेल, काही नसेल. शेवटी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही, की मी नेले?"

"सांगितलं की. साहेबांना विचारा म्हणालो. आणखी काय सांगणार? दाखवायला जे होतं ते तुमच्या घरी होतं. बाहेर माणसं जमत होती. तुम्ही चौघं, मी एकटा. ती गल्ली तुम्हाला माहीत आहे, गोष्ट कुठून कुठं जाते."

त्यांच्या सुनेनं चहा आणला. त्यांनी तिला माझी ओळख करून दिली नाही. चहा संपल्यावर म्हणाले, "ज्याचे आहेत त्याच्याकडं गेलात का?"

"नाही. आधी तुमच्याकडं आलो."

"आधी तिथं जायचं होतं." त्यांनी पॅड परत रचले, कापडात गुंडाळले. गाठ तशीच बसली, एका ओढीत सुटणारी. "अमानत त्याची होती. त्याला द्या."

"मास्तर, मी तुमच्यासाठी काय करू?"

त्यांनी गाठोडं माझ्या हातात ठेवलं. "मेसेज सगळ्यांना गेला होता ना? मग सगळ्यांना लिहा. माफी वगैरे लिहू नका, ती तुमची तुमच्यापाशी. एवढंच लिहा, की मोजून परत दिले होते."

मी निघालो तेव्हा ते उठले नाहीत. पूर्वी दुकानात मी निघालो की ते दारापर्यंत यायचे.

मालेगावहून देवळ्याची गाडी पकडली. त्याचं घर बाजारापासून जवळ. तो अंगणात कांद्याच्या गोण्या मोजून घेत होता, डाव्या हातानं वहीत लिहीत. उजवा हात पोटाशी अर्धवट वाकलेला, तो तसाच राहिला आहे, तेवढाच. मला बघून त्याला आनंद झाला. "काका, इतक्या वर्षांनी. या या. अगं, चहा टाक." त्याची बायको दारात आली.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर बोललो नसतो. सांगून झाल्यावर गाठोडं त्याच्या पुढं धरलं. त्यानं घेतलं नाही. त्याच्या बायकोनं घेतलं, सोडलं, आणि कोपराचा पॅड हातात धरून उभी राहिली. तो पॅड वाटीसारखा वळलेला असतो, वाकलेल्या कोपरावर बसावा म्हणून. तिनं तो नवऱ्याच्या कोपराला लावून बघितला. बसला. ते कोपर आता तेवढ्याच कोनात वाकलेलं आहे.

तो म्हणाला, "मी त्या माणसाला आईवरून शिव्या दिल्या, काका. त्याच्या दुकानात उभं राहून. आन तुम्ही माझ्या बाजूला उभे होते."

"हो."

"हाताचं जाऊ द्या. हात मीच मोडून घेतला, खडी दिसत होती मला. पण तुम्ही मला त्या माणसापुढं काय करून ठेवलं?"

त्याच्या बायकोनं विचारलं, "तो मास्तर हाय का अजून?" मी हो म्हणालो, पत्ता सांगितला. तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या जाऊ." त्यानं मान हलवली. आत चहा उकळून ओतू गेल्याचा वास येत होता. मला कुणी बस म्हणालं नाही आणि मीही थांबलो नाही. फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "काका, ग्रुपवर तुम्ही लिवा. माझं नाव लागलं तर लावा."

नाव मी लावत नाही, कुणाचंच. ग्रुपमधल्यांना सगळी माणसं ओळखू येतीलच.

पुस्तिकेच्या संपादकांना एक विनंती आहे. माझा गंगापूर धरणावरचा फोटो छापायचं ठरलं आहे. तो छापू नये. त्या जागी हे छापावं: पेठच्या घाटात पडलेल्या आपल्या मित्राच्या जॅकेटातले पॅड मास्तरांनी खाल्ले नव्हते. ते मी काढायला लावले, फोटोत खांदे फुगलेले दिसू नयेत म्हणून. फोटोच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मास्तरांनी पाचही पॅड बांधून माझ्या हातात परत दिले होते आणि मोजून घ्या असं सांगितलं होतं. मी मोजून घेतले नाहीत. पण ते पाच होते.